ओट्यावरचा उजेड : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्वयंपाकघरातील वरच्या कपाटांच्या तळाशी दिवे बसवण्याविषयी आलेल्या बऱ्याच पत्रांची सुरुवात जवळजवळ सारखीच आहे : ‘एलईडीची पट्टी आणून ठेवली आहे, आता पुढे काय करू?’ माझ्या मते पुढच्या साऱ्या अडचणींचे मूळ या एका वाक्यातच आहे. या कामात पट्टी ही सर्वांत शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. उजेड नेमका कुठे पडायला हवा, वायर कोणत्या वाटेने जाणार आणि ड्रायव्हर (घरच्या विजेचे १२ किंवा २४ व्होल्ट करून पट्टीला देणारा डबा) कुठे बसणार, या तीन गोष्टी आधी ठरल्या, की कोणती पट्टी घ्यायची हे जवळजवळ आपोआप ठरते. खालील उत्तरे वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा, कारण जवळपास प्रत्येक तक्रारीत तो उलटा झालेला दिसतो.

प्रश्न : आमच्या स्वयंपाकघराच्या छताला मधोमध चांगला प्रखर दिवा आहे, तरी ओट्यावर काम करताना हातापुढे अंधार येतो. कपाटांखाली पट्टी लावायची आहे. सुतार म्हणतात, भिंतीलगत लावा म्हणजे ती दिसणार नाही. त्यांचे ऐकावे का?

दिसणार नाही हे खरे, पण उपयोगही निम्माच होईल. आधी अंधार का येतो ते पाहू. छताचा दिवा खोलीच्या मध्यभागी असतो आणि ओट्याशी उभे राहिल्यावर तो आपल्या पाठीमागे येतो, त्यामुळे आपल्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली बरोबर चिरायच्या फळीवर पडते. त्याच जागी कितीही मोठा दिवा लावला तरी सावली हटत नाही, उलट अधिक गडद आणि रेखीव होते. उजेड आपल्या आणि भिंतीच्या मधून यायला हवा.

आता मापे पाहा. ओट्याची खोली साधारण ६० सेंटिमीटर असते, वरच्या कपाटांची ३० ते ३५. म्हणजे कपाटाची दर्शनी कड ओट्याच्या जवळपास मध्यावर येते आणि आपले हात बहुतेक वेळ त्या मध्यरेषेच्या अलीकडे चालतात. पट्टी भिंतीलगत लावली, तर सगळ्यात अधिक उजेड भिंतीवरच्या टाइल्सवर आणि मागे उभ्या करून ठेवलेल्या बरण्यांवर पडतो, तर सुरी जिथे चालते तिथे तो तिरका आणि क्षीण होऊन पोहोचतो. छायाचित्रात असे स्वयंपाकघर फार सुंदर दिसते, म्हणूनच ही चूक इतकी लोकप्रिय असावी. पट्टी दर्शनी कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत लावली, तर तोच उजेड ओट्याच्या मध्यावर सरळ खाली उतरतो आणि दोन्ही बाजूंना पसरतो.

पट्टी डोळ्यांना दिसू नये, ही सुतारांची काळजी मात्र योग्य आहे. कपाटाच्या तळफळीपेक्षा दर्शनी कडेला दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरणारी एखादी लाकडी पट्टी असेल, तर तिच्या आड एलईडी झाकली जाते. ती नसेल तर अल्युमिनियमची ४५ अंशांची कोन-प्रोफाइल (जिच्या आत पट्टी बसते आणि वर दुधी झाकण येते अशी खोबणी) घ्यावी आणि तिचे तोंड थोडे भिंतीकडे वळवावे. ही तपासणी उभे राहून करू नये. स्वयंपाकघराला लागून जेवणाची जागा असेल, तर तिथल्या खुर्चीवर बसून पाहावे. बसलेल्या माणसाची नजर कपाटाच्या तळाखाली जाते आणि उभ्याने अजिबात न दिसलेली पट्टी तिथून थेट डोळ्यांत येते.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या घरी ठेच लागून शिकलो आहे. आमचा ओटा काळ्या, गुळगुळीत पॉलिश केलेल्या दगडाचा आहे. पट्टी लावून पहिल्यांदा बटण दाबले, तेव्हा ओट्यावर उजेड तर पडलाच, पण त्या काळ्या दगडात टिकलीएवढ्या पांढऱ्या ठिपक्यांची एक लांबलचक माळही उमटली, आणि मान जराशी हलवली की ती माळ सोबत सरकत असे. असा दगड म्हणजे आरसाच असतो. मीटरला ६० एलईडी असलेल्या पट्टीत दोन एलईडींमधील अंतर सुमारे १७ मिलिमीटर असते. हे ठिपके मिटवायचे, तर वरचे दुधी झाकण एलईडींपासून साधारण तितक्याच अंतरावर हवे, आणि बाजारातील बहुतेक उथळ प्रोफाइल जेमतेम सात-आठ मिलिमीटर खोल असतात. उपाय दोन आहेत : खोल प्रोफाइल घेणे, किंवा सीओबी प्रकारची पट्टी घेणे. सीओबीमध्ये बारीक चिप शेजारी-शेजारी बसवून त्यांवर फॉस्फरचा (चिपच्या निळ्या उजेडाला पांढरा करणाऱ्या द्रव्याचा) सलग थर दिलेला असतो, त्यामुळे उजेडाची अखंड रेघ दिसते. ओट्यातील प्रतिबिंब यानेही पूर्णपणे जात नाही, ठिपक्यांच्या जागी रेघ येते एवढेच, पण रेघ डोळ्यांना सोसवते.

काहीही कायमचे चिकटवण्यापूर्वी पट्टी साध्या कागदी चिकटपट्टीने तात्पुरती लावून दोन रात्री त्याच उजेडात नेहमीचे काम करून पाहावे.

प्रश्न : पाकिटावर वॅट, ल्युमेन, केल्विन, सीआरआय असे बरेच काही लिहिलेले असते. यांतले नेमके काय पाहायचे? तीन मीटर लांबीच्या ओट्याला किती वॅटची पट्टी पुरेल?

वॅटवरून वीज किती लागणार ते कळते, उजेड किती पडणार ते कळत नाही. उजेडासाठी ल्युमेन पाहायचे. चिरणे, निवडणे अशा बारीक कामाच्या पृष्ठभागावर सुमारे ५०० लक्स उजेड असावा, असे धरून चालतात. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडलेला एक ल्युमेन. तुमचा ओटा ३ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर खोल धरला, तर क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर होते, म्हणजे प्रत्यक्ष ओट्यावर ९०० ल्युमेन पडायला हवेत. पट्टीतून निघालेला सगळा उजेड मात्र ओट्यावर येत नाही. काही दुधी झाकणात मुरतो, काही भिंतीवर जातो, काही खोलीत पसरतो. निम्मा पोहोचतो असे धरले, तर पट्टीतून १८०० ल्युमेन निघायला हवेत, म्हणजे मीटरला ६००. एका वॅटला १०० ल्युमेन देणारी पट्टी असेल, तर मीटरला ६ वॅट पुरतात.

बाजारात मीटरला ४.८, ९.६ आणि १४.४ वॅट ही मापे सर्रास मिळतात. तुमच्यासाठी मी ९.६ सुचवेन आणि सोबत डिमर घ्यायला सांगेन. भिंतीच्या टाइल्स गडद रंगाच्या असतील तर तो जादा उजेड कामी येतो, फिकट असतील तर कमी करता येतो. शिवाय पूर्ण ताकदीने न चालवलेली पट्टी कमी तापते आणि अधिक टिकते. १४.४ वॅटची पट्टी कपाटाखाली इतक्या जवळून लावली, तर काम करताना टाइल्सवरून परतणारा झगझगाट नकोसा होतो.

केल्विन हा आकडा उजेडाची छटा सांगतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे ना पिवळा ना निळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. यात बरोबर-चूक असे काही नाही, मात्र छताच्या दिव्याची छटा एक आणि ओट्यावरची भलतीच, असे करू नये. दोन्ही एकदम लावल्यावर जुन्या पिवळ्या दिव्याखाली अर्धे स्वयंपाकघर मळकट दिसू लागते. माझी स्वतःची निवड ३००० ते ४००० यांच्या दरम्यान असते. पट्टी कमी पडली म्हणून पुढे-मागे दुसरे रीळ आणावे लागू नये, यासाठी सगळी लांबी एकाच वेळी घ्यावी, कारण आकडा तोच छापलेला असला तरी वेगवेगळ्या उत्पादन-घाण्यांतील पांढऱ्या रंगात किंचित फरक असतो आणि शेजारी-शेजारी लावल्यावर तो लगेच जाणवतो.

सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचे माप. स्वयंपाकघरात हा आकडा ९० किंवा अधिक असावा याबाबत मी आग्रही आहे. पांढरी एलईडी मुळात निळी असते. निळ्या चिपवर फॉस्फरचा पिवळसर थर देऊन पांढरा उजेड तयार करतात. (ही निळी एलईडी तयार करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.) साध्या फॉस्फरच्या उजेडात गडद लाल रंग कमी पडतो. आणि गंमत अशी, की सीआरआयची सरासरी ज्या आठ रंगनमुन्यांवरून काढतात, त्यांत गडद लाल नाहीच. तो आर-नाइन या नावाने वेगळा मोजला जातो. म्हणून ८० सीआरआयच्या पट्टीखाली लाल वस्तू तपकिरी आणि निस्तेज दिसतात, आणि पदार्थ ताजा आहे की शिळा हे नजरेने ओळखायची आपली सवय तिथे दगा देते. आर-नाइनचा आकडा छापलेला असेल, तर ५० च्या वरचा बघून घ्यावा.

प्रश्न : पाच मीटरची १२ व्होल्टची पट्टी बसवून घेतली. सुरुवातीच्या कपाटाखाली लख्ख उजेड आहे आणि शेवटच्या कपाटाखाली स्पष्टपणे मंद. पट्टी सदोष आहे का? ड्रायव्हर जागेअभावी दुसऱ्या टोकाच्या माळ्यावर ठेवला आहे.

पट्टी निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक आहे. तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. ‘जागेअभावी’ हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला आहे, की कपाटे बनवून घेणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे असते, ड्रायव्हरची जागा कपाटांच्या आराखड्यातच दाखवा.

दोष विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टच्या, घटीचा आहे. तांब्याच्या तारेलाही थोडा रोध असतो, आणि जितका प्रवाह अधिक व तार जितकी लांब किंवा बारीक, तितके व्होल्ट वाटेतच खर्च होतात. एक हिशोब करून पाहू. मीटरला ९.६ वॅटची पट्टी ३ मीटर धरली, तर एकूण २८.८ वॅट होतात, म्हणजे १२ व्होल्टवर २.४ अँपिअर प्रवाह. ड्रायव्हर ५ मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन वायरची लांबी १० मीटर होते. ही वायर ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक असेल, तर तिचा रोध सुमारे ०.४ ओहम भरतो आणि त्यात जवळजवळ १ व्होल्ट जातो. बारापैकी एक व्होल्ट म्हणजे फार नव्हे असे वाटेल. पण १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागोमाग जोडलेल्या असतात, त्या तिघी मिळून ९ व्होल्टच्या आसपास घेतात आणि उरलेले ३ व्होल्ट त्यांच्यासोबतच्या छोट्या रेझिस्टरवर पडतात. प्रवाह किती वाहील हे त्या तीन व्होल्टांवर ठरते, आणि गेलेला एक व्होल्ट त्या तिनांतून गेलेला असतो. म्हणून व्होल्ट आठ टक्के घटतात तेव्हा उजेड मात्र सुमारे पाव हिस्स्याने उतरतो. तुमची पट्टी तर ५ मीटरची आहे, आणि वायरमधल्या घटीनंतर पट्टीच्या आतल्या पातळ तांब्याच्या पट्ट्यांतही पुन्हा घट होते. शेवटचे कपाट मंद दिसणारच.

आहे त्या पट्टीवर करण्यासारखे उपाय असे. ड्रायव्हरपासूनची वायर बदलून १.५ चौरस मिलिमीटरची करावी. वरच्या हिशोबात तेवढ्यानेच घट एक व्होल्टवरून एक-तृतीयांश व्होल्टवर येते. त्याबरोबर पट्टीला एकाच टोकाने वीज न देता मधोमध किंवा दोन्ही टोकांनी द्यावी, म्हणजे कोणत्याही एलईडीपर्यंत प्रवाहाला पट्टीतून अडीच मीटरहून अधिक जावे लागत नाही. दोन्ही टोकांकडे जाणाऱ्या वायर त्याच ड्रायव्हरच्या त्याच दोन टर्मिनलवर याव्यात आणि धन-ऋण उलटसुलट होऊ देऊ नये. आणि ड्रायव्हर माळ्यावरून शेवटच्या एखाद्या कपाटात आणता आला, तर यांतील निम्मी यातायात वाचेल.

नव्याने काम करणाऱ्यांनी सरळ २४ व्होल्टची पट्टी घ्यावी. तेवढ्याच वॅटला प्रवाह निम्मा लागतो, म्हणून त्याच वायरीत घटही निम्मी होते, आणि ती २४ व्होल्टांतून जात असल्याने प्रमाणात पाहता चौथाई ठरते. तोटा इतकाच, की १२ व्होल्टची पट्टी साधारणपणे दर तीन एलईडींनंतर कापता येते आणि २४ व्होल्टची सहा किंवा अधिक एलईडींनंतर, त्यामुळे कपाटाच्या लांबीशी तंतोतंत जुळवताना शेवटी काही सेंटिमीटर जागा मोकळी राहू शकते. उजेड बाजूंना पसरत असल्याने ही मोकळी जागा खाली उभे राहिलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : कपाटाच्या आणखी एका भागाला पट्टी जोडल्यापासून सगळे दिवे दर एक-दोन सेकंदांनी बंद होऊन पुन्हा लागतात.

ड्रायव्हरवर झेपेल त्याहून अधिक भार पडतो आहे. क्षमतेपेक्षा जास्त प्रवाह मागितला गेला, की ड्रायव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो, क्षणभराने पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा बंद होतो. सर्व तुकड्यांची एकूण लांबी मीटरमध्ये मोजून तिला मीटरमागच्या वॅटने गुणा आणि आलेल्या आकड्यात पाव मिळवा. ड्रायव्हर निदान तेवढ्या वॅटचा हवा. २८.८ वॅटच्या पट्टीला ३६ वॅटचा, असा हा हिशोब आहे. नवा तुकडा सोडवल्यावरही लुकलुक चालूच राहिली, तर मात्र जोडणीत कुठे तरी तारा एकमेकींना टेकत असतील, तेव्हा वीज बंद करून प्रत्येक जोड उघडून पाहावा.

प्रश्न : बटण बंद केल्यावरही पट्टी रात्रभर अगदी अंधूक उजळत राहते. घरातील मंडळी घाबरली आहेत. हे धोकादायक आहे का?

तो अंधूक उजेड स्वतः धोकादायक नसतो, पण त्याच्यामागच्या कारणांपैकी एक दुर्लक्ष करण्यासारखे नाही. एलईडीला उजळायला इतका थोडा प्रवाह पुरतो, की जुन्या दिव्यांच्या काळात कोणाला पत्ता लागला नसता अशी किरकोळ गळती आता डोळ्यांना दिसते.

पहिली शंका बटणावर घ्यावी. बटणात अंधारात चमकणारा लहानसा सूचक दिवा असेल, तर तो पेटता ठेवणारा सूक्ष्म प्रवाह पट्टीच्या ड्रायव्हरमधूनच वाहत असतो. सूचक नसलेले बटण बसवले की प्रश्न मिटतो. दुसरी शक्यता अशी, की बटणाकडे जाणारी वायर आणि दुसरी एखादी चालू वायर एकाच पाइपातून बरेच अंतर शेजारी-शेजारी गेलेल्या आहेत आणि त्यामुळे बंद वायरीत थोडी वीज उतरते. यात घाबरण्यासारखे काही नाही.

तिसरी शक्यता म्हणजे बटण फेज (वीज आणणारी तार) तोडण्याऐवजी न्यूट्रल (परतीची तार) तोडते आहे, आणि हीच काळजीची बाब आहे. दिवा बंद दिसतो, पण ड्रायव्हरपर्यंत फेज जिवंतच असतो. उद्या कोणी ‘बटण बंद आहे ना’ म्हणून जोडणीला हात लावला, तर झटका बसेल. म्हणून कारण स्वतः शोधत न बसता आधी जाणत्या वायरमनकडून ही तिसरी शक्यता तपासून घ्यावी, आणि ती नाही याची खात्री झाल्यावरच बाकीच्या दोन्हींकडे वळावे.

प्रश्न : पट्टीमागच्या चिकट टेपने लावलेली पट्टी सहा महिन्यांत सुटून वेलीसारखी लोंबू लागली. पुन्हा चिकटवली, पुन्हा सुटली. शेगडीच्या वरचा भाग तर महिनाभरही टिकत नाही.

त्या टेपवर विसंबूनच राहू नये. स्वयंपाकघरातील हवेत तेलाचा अंश असतो, तो कपाटाच्या तळाला पातळ थरासारखा बसतो आणि नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही. त्यावर टेप चिकटते ती लाकडाला नव्हे, तेलाला. त्यात पट्टी रोज तापते आणि निवते, त्या ताणाने टेपची कड आधी सुटते आणि मग सगळी लांबी खाली येते.

खरा उपाय म्हणजे अल्युमिनियमची प्रोफाइल स्क्रूने पक्की करून पट्टी तिच्या आत चिकटवणे. कोऱ्या धातूवर टेप उत्तम धरते, आणि आत चिकटवण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळू दिले तर अधिकच. प्रोफाइलचे दुसरे काम त्याहून मोठे आहे. एलईडी बल्बसारखी एका क्षणी जात नाही, ती वर्षानुवर्षे मंदावत जाते, आणि मंदावण्याचा वेग उष्णतेने वाढतो. पाकिटावर लिहिलेले आयुष्य बहुधा मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांपर्यंत उतरण्याचा काळ असते. लाकूड उष्णता धरून ठेवते, अल्युमिनियम ती वाहून नेते. शिवाय दुधी झाकणावरचे तेल पुसता येते, उघड्या पट्टीवरचे येत नाही. स्क्रू घेताना लांबी तेवढी पाहावी : कपाटाची तळफळी पुष्कळदा १८ मिलिमीटर जाडीची असते, तेव्हा १२ मिलिमीटरचा स्क्रू पुरे. घाईत २५ मिलिमीटरचे स्क्रू वापरून कपाटाच्या आत टोकांची रांग उगवलेली मी पाहिली आहे, आणि ती सापडली ती कोणाच्या तरी बोटाला.

शेगडीच्या बरोबर वर पट्टी लावूच नये. तिथली धग आणि वाफ कोणतीही पट्टी फार काळ सोसत नाही. धूर ओढणाऱ्या चिमणीत बहुधा तिचा स्वतःचा दिवा असतो, तो उष्णता गृहीत धरूनच बनवलेला असतो. शेगडीच्या अलीकडे पट्टी थांबवावी, कपाटामागून किंवा वरून वायर न्यावी आणि पलीकडे पुन्हा सुरू करावी. सिंकच्या वर मात्र पट्टी जरूर असावी, पण तिथे शिंतोड्यांपासून बचाव असलेली घ्यावी. आयपी या अक्षरांपुढच्या दोन आकड्यांपैकी दुसरा पाण्याविषयी असतो. आयपी-२० ला पाण्यापासून काहीच संरक्षण नाही, आयपी-४४ शिंतोडे सोसते आणि आयपी-६५ पाण्याची धारही. आयपी-६५ वर जो सिलिकोनचा थर असतो त्याने उजेडाची छटा किंचित बदलते, म्हणून सिंकवर एक आणि शेजारी दुसरी लावण्यापेक्षा सगळीकडे एकच प्रकार लावलेला बरा.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. भिंत फोडायची किंवा कपाटाला छिद्रे पाडायची परवानगी नाही. बॅटरीवर चालणारे चुंबकाचे दिवे कसे असतात?

रात्री पाणी प्यायला उठल्यावर सोयीचे, रोजच्या कामाला अपुरे. त्यांतील बॅटरी २००० मिलिअँपिअर-तासांची आणि ३.७ व्होल्टची धरली, तर तिच्यात ७.४ वॅट-तास ऊर्जा मावते. दीड वॅटचा दिवा त्यावर पाच तासही पुरता चालत नाही, आणि दीड वॅट म्हणजे सुमारे दीडशे ल्युमेन. माणूस जवळ आल्यावर लागणारा आणि वीस-तीस सेकंदांनी विझणारा सेन्सर असेल, तर चार्जिंग बरेच दिवस पुरते, पण ओट्याशी स्थिर उभे राहून काही निवडत असताना तो मध्येच विझतो आणि हात हलवून त्याला जागे करावे लागते.

जवळपास मोकळा सॉकेट असेल, तर सॉकेटमध्ये खोचायच्या ॲडॉप्टरवर चालणारी, प्रोफाइलसह येणारी तयार नळी घ्यावी आणि ती ओढून काढता येणाऱ्या दुतर्फी चिकट पट्ट्यांनी लावावी. घर सोडताना ती सोबत नेता येते. वायर ओट्यावर लोंबू देऊ नये. कपाटाच्या तळाने आणि कोपऱ्याने नेऊन सॉकेटपाशीच खाली उतरवावी.

प्रश्न : कपाटाखाली जुनी बारीक ट्यूबलाइट आहे आणि ती चालू आहे. ती काढून एलईडी लावण्यात अर्थ आहे का?

चालू आहे तोवर घाई नको, पण ती गेल्यावर पुन्हा तीच शोधत बसू नये. ट्यूबमध्ये पारा असतो; पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये फ्लुरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले आहे. जुनी ट्यूब न फोडता ई-कचऱ्यात द्यावी. तिच्यासाठी आलेली वायर मात्र सोन्यासारखी आहे, कारण ड्रायव्हरला नेमकी तीच लागते.

प्रश्न : यातले कोणते काम स्वतः करता येईल आणि कोणत्या कामाला वायरमन बोलवावा?

ड्रायव्हर ही सीमारेषा धरावी. ड्रायव्हरच्या पलीकडचे, १२ किंवा २४ व्होल्टचे काम हात बऱ्यापैकी चालणाऱ्या कोणालाही जमते. अलीकडचे, घरच्या विजेचे काम वायरमनचे. ओट्याशी पाणी आणि ओले हात दोन्ही असतात, तेव्हा त्या वाटेवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण) आहे की नाही, हेही त्याच भेटीत पाहून घ्यावे.

स्वतः करताना पट्टी कुठेही कापू नये. जवळून पाहिले की ठरावीक अंतरावर तांब्याच्या ठिपक्यांच्या जोड्या आणि त्यांच्या मधोमध एक बारीक रेघ दिसते, काही पट्ट्यांवर कात्रीचे चित्रही असते. कात्री त्या रेघेवरच चालवायची, म्हणजे अर्धा ठिपका इकडे आणि अर्धा तिकडे राहतो आणि दोन्ही तुकडे जोडण्यालायक असतात. रेघ चुकली तर तो एक गट कायमचा विझतो, बाकीची पट्टी चालू राहते. नुसते दाबून बसवायचे क्लिप-कनेक्टर सोपे खरे, पण वाफेच्या जागी वर्ष-दोन वर्षांत सैल पडतात; सोल्डरिंग करता येत असेल तर तेच करावे आणि जोडावर उष्णतेने आकसणारी नळी चढवावी. उलट जोडणी झाल्यास साधी पट्टी नुसती लागत नाही, तारा बदलल्या की लागते. रिळावर गुंडाळलेली पट्टी तपासण्यासाठी लावायची झाली, तर काही सेकंदच लावावी, कारण गुंडाळीत उष्णतेला वाट नसते.

बारा व्होल्टांचा झटका जाणवत नाही, म्हणून ती बाजू निर्धोक समजू नये. कमी व्होल्टला प्रवाह मोठा असतो आणि सैल जोड तापून लाकूड करपवू शकतो. पहिल्या दिवशी सगळे दिवे तासभर चालू ठेवून वीज बंद करावी आणि प्रत्येक जोडाला बोट लावून पाहावे. जो जोड वायरीपेक्षा गरम लागेल तो पुन्हा करावा. ड्रायव्हर बंद डब्यात किंवा कपड्यांखाली न ठेवता थोडी हवा खेळेल अशा जागी, शेगडी आणि सिंकपासून दूर ठेवावा, आणि स्टूल घेऊन हात पोहोचेल अशा ठिकाणी ठेवावा. पट्टीआधी बहुधा तोच बिघडतो. त्याच्यापाशी वायर वीतभर जास्त सोडावी, आणि फळ्या बसवून वायर झाकण्यापूर्वी तिच्या सगळ्या वाटेचे छायाचित्र काढून त्याची एक प्रत त्याच कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी.